खाणगावातला डॉक्टर

प्रश्न : ‘तेरे मेरे सपने’ची गोष्ट मूळची इंग्रजी आहे म्हणतात. त्यावर तिकडेही चित्रपट निघाला होता का? – एक वाचक, सांगली

उत्तर : होय. ए. जे. क्रोनिन यांच्या ‘द सिटाडेल’ कादंबरीवर १९३८ मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या चित्रपटाच्या ३३ वर्षं आधी, त्याच नावाचा ब्रिटिश बोलपट आला. दिग्दर्शक किंग व्हिडॉर, डॉक्टर मॅन्सनच्या भूमिकेत रॉबर्ट डोनाट. मिळेल तिथे बघाच! वेल्समधल्या खाणगावात टायफॉइड पसरतो, गटार दुरुस्त करायला वरचे तयार नाहीत. मग मॅन्सन आणि त्याचा मित्र डेनी मध्यरात्री सुरुंग लावून ते गटारच उडवून देतात. नवं बांधण्यावाचून गत्यंतर उरत नाही! जन्मतः निपचित पडलेल्या बाळाला मॅन्सन श्वास आणतो, तो प्रसंग तर मी कितीदाही बघेन. डोनाटच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. पुढे लंडनच्या श्रीमंत रोग्यांत तो वाहवत जातो, तेव्हा जीव तुटतो. शेवट मात्र बदललाय : कादंबरीत मॅन्सनची बायको ख्रिस्तीन मरते, चित्रपटात डेनी. मला कादंबरीचाच शेवट पटतो.