फॉरमॅट मारण्याआधी : अचानक रिस्टार्ट होणाऱ्या संगणकाबद्दल

प्रश्न : घरचा डेस्कटॉप चार वर्षांचा आहे. मुलगा गेम खेळायला बसला की दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा होतो आणि संगणक रिस्टार्ट होतो. टायपिंग, यूट्यूब करताना काही त्रास नाही. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारला. आता मदरबोर्ड बदला म्हणतो. – एक वाचक, सांगली

उत्तर : मदरबोर्डवर इतक्यात पैसे घालू नका. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि मग 'सिस्टिम'. रिस्टार्टच्या वेळेजवळ 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसेल. नाव वाचून अनेक जण पॉवर सप्लायच गेला असं ठरवतात. पण मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता, एवढंच ती नोंद सांगते. खरी खूण तिच्या 'डिटेल्स'मध्ये आहे. तिथला 'बगचेककोड' शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे संशय वीजपुरवठ्यावर किंवा हार्डवेअरवर. अशा वेळी फॉरमॅटने काही साधत नाही.

तुमच्याकडे फक्त गेमच्या वेळी होतं, म्हणजे लोड आल्यावर. मग उरतात दोघं : उष्णता आणि एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय. 'एचडब्ल्यूइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर चालू ठेवून गेम खेळू द्या आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डचं तापमान पाहा. प्रोसेसर ९५-१०० अंशांना टेकत असेल तर हीटसिंकमधली (प्रोसेसरवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. मात्र तापलेला प्रोसेसर सहसा आधी मंदावतो, गेम अडखळायला लागतो, आणि मग संगणक बंद पडतो. गेम मस्त चालू असताना, ७० अंशांवरच रिस्टार्ट झाला तर एसएमपीएस धरा.

कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात '४५०' लिहिलेलं असतं. त्याकडे पाहू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा आणि त्याला १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर हाती २१६ वॅट. त्यात १२० वॅटचं ग्राफिक्स कार्ड आणि ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे काठावरचा संसार. शिवाय दोघंही क्षणभर त्याहून जास्त ओढतात. खात्री करायची तर गेमच्या सेटिंग्जमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ३० वर बांधा. रिस्टार्ट थांबले तर लोडचाच दोष. मग ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता लावून पाहा. जुना एसएमपीएस मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात.

प्रश्न : निळा पडदा येतो, पण वाचायच्या आत जातो. एकदा दिसला तेव्हा 'मेमरी मॅनेजमेंट' होतं, पुढच्या वेळी वेगळंच काही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तो थांबवा. सर्चमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढा. दर वेळी तीच एरर आणि त्याच फाइलचं नाव आलं तर बहुधा दोष ड्रायव्हरचा, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. एरर बदलत असेल तर रॅम तपासा.

प्लग काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून ठेवा, मग रॅम बाहेर काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलके घासा. कचरा कोरड्या कापडाने पुसा. परत बसवताना 'टक' आवाज आलाच पाहिजे, अर्धवट बसलेली रॅम हे दुखणं नेहमीचं. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'एक्सएमपी', म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सोय, चालू असेल तर बंद करा. तरीही त्रास राहिला तर रॅम तपासणारं 'मेमटेस्ट८६' पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर, चार फेऱ्या चालवा. एक जरी चूक निघाली तरी ती 'थोडीशी' मानू नका. मग एकेक रॅम एकाच स्लॉटमध्ये लावून तीच चाचणी करा. दोषी कोण ते कळेल.

प्रश्न : प्रिंट दिली की संगणक बंद! – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्रिंटर लेझर आहे आणि तोही यूपीएसवर, असं दिसतंय. कागद तापवताना लेझर प्रिंटर काही क्षण शेकडो वॅट ओढतो आणि घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा. प्रिंटर थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा.

लाइट लुकलुकली तरी रिस्टार्ट होत असेल तर बहुधा यूपीएसची बॅटरी संपली आहे. संगणक बंद करून त्याच्या जागी ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसचा प्लग काढा. दोन-तीन मिनिटांत बल्ब विझला तर १२ व्होल्ट, ७ एएचची नवी बॅटरी घ्या. लाल-काळ्या वायरी उलट होऊ देऊ नका. जुनी बॅटरी शिशाची असते, ती कचऱ्यात न टाकता दुकानदाराला परत द्या.