‘देहवाही संकेत’ की ‘देहवाहित संकेत’?

मनगटातले घड्याळ, बोटातली अंगठी, कानातले यंत्र अशी उपकरणे बिनतारी लहरींऐवजी माणसाच्या शरीरामार्फतच एकमेकांना संदेश पाठवतात, तेव्हा त्या संदेशांना ‘देहवाही संकेत’ म्हणावे का, असे एका वाचकाने पत्रातून विचारले आहे. ‘देहसंवाद’ हा दुसरा पर्यायही त्यांनीच सुचवला आहे.

‘देहवाही’ हा शब्द मला उलटा पडलेला वाटतो. ‘वाही’, ‘वाहक’, ‘वाहिनी’ यांच्या आधी मराठीत सहसा वाहिल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव येते: भारवाही, विद्युत्वाहक, रक्तवाहिनी. या न्यायाने ‘देहवाही’ म्हणजे देह वाहून नेणारा, आणि मग शववाहिका आठवल्याशिवाय राहत नाही. येथे देह वाहणारा आहे आणि संकेत वाहिला जाणारा, म्हणून ‘देहवाहित’, म्हणजे देहाने वाहिलेला, हा तृतीया तत्पुरुष अर्थाला धरून आहे. संस्कृतचा काटेकोर अभ्यासक कदाचित ‘नवोढा’मधले ‘ऊढ’ (म्हणजे वाहिलेला) हे रूप मागेल. पण ‘देहोढ संकेत’ वाचून कोणाला काही बोध होईल, असे मला वाटत नाही.

‘देहसंवाद’ मात्र टाळावा. ‘देहबोली’ हा शब्द हावभावांसाठी रुळलेला असल्यामुळे वाचक त्याच दिशेने जाईल, शिवाय या शब्दाला शृंगाराची छटा आहे ती वेगळीच.

समासापेक्षा खरी अडचण वाक्यातल्या शब्दयोगी अव्ययाची आहे. ‘शरीरावाटे’ म्हटले की ‘नाकावाटे’, ‘तोंडावाटे’ यांच्याप्रमाणे काहीतरी आत शिरल्याचा किंवा बाहेर पडल्याचा भास होतो. ‘शरीरातून’ हे सोपे आहे आणि बऱ्याच अंशी खरेही आहे, कारण कोरडी त्वचा विजेला विरोध करत असली तरी तिच्याखालच्या ऊतींमध्ये क्षारयुक्त पाणी असते आणि त्यातील आयनांमुळे क्षीण विद्युत्संकेत पुढे जातो. परंतु धारितेवर, म्हणजे विद्युत्भार साठवण्याच्या क्षमतेवर, आधारलेल्या पद्धतीत विद्युत्मंडलाचा (सर्किटचा) परतीचा अर्धा भाग शरीराबाहेर, हवा आणि जमीन यांच्यातल्या विद्युत्क्षेत्रामुळे पूर्ण होतो. तेथे ‘शरीरातून’ हे अर्धेच वर्णन ठरते. ‘शरीरामार्फत’ या शब्दात शरीर मध्यस्थ आहे एवढेच सांगितले जाते, मार्ग नेमका कोठून जातो याची हमी दिली जात नाही, म्हणून मी तोच पसंत करीन.

प्रत्यक्ष वाक्यात तो असा बसतो: ‘१९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत संशोधक टॉमस झिमरमन यांनी ही कल्पना मांडली, आणि पुढे आयबीएमच्या प्रात्यक्षिकात एका माणसाच्या अंगावरील यंत्रातला व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर हस्तांदोलन करताच दोघांच्या शरीरामार्फत दुसऱ्याच्या यंत्रात पोहोचला.’ येथे ‘शरीरातून’ लिहिले असते तर दोन शरीरे असल्यामुळे वाक्य थोडे अडखळले असते. याउलट ‘ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातून जाताना बऱ्याच शोषल्या जातात’ या वाक्यात ‘शरीरातून’च हवे, कारण तेथे शरीर मध्यस्थ नसून वाटेतला अडसर आहे.

त्याच पत्रात ‘परिधेय उपकरणे’ असाही शब्द आला आहे. तो व्याकरणाने शुद्ध आहे, पण परिधान आपण वस्त्रे करतो; घड्याळ बांधतो आणि अंगठी घालतो. ‘अंगावरची उपकरणे’ म्हटले तर दोन्ही त्यात येतात.