'म्हणून' सापडले, निष्कर्ष मात्र निसटला

प्रश्न : स्पर्धा परीक्षेतील उताऱ्यांत निष्कर्ष ओळखताना मी 'म्हणून' किंवा 'त्यामुळे' असलेले वाक्य शोधतो, ते नसल्यास शेवटचे वाक्य निवडतो. तरीही उत्तरे चुकतात. युक्तिवादाचे घटक नेमके कसे ओळखावेत?

उत्तर : पुढील उतारा पाहा. "पूल अजून शाबूत आहे, त्यामुळे जड वाहने रोखण्याची गरज नाही, असे काही जण म्हणतात. परंतु खांबांना तडे गेले आहेत. म्हणून पुलाची भारक्षमता घटली आहे. जड वाहने रोखलीच पाहिजेत. शिवाय पर्यायी रस्ताही उपलब्ध आहे."

यातील 'त्यामुळे' प्रतिपक्षाच्या तोंडी आहे आणि ते मत खोडण्यासाठीच मांडलेले आहे. 'म्हणून'ने जोडलेले विधान तड्यांवरून निघते हे खरे, पण पुढे तेच जड वाहने रोखण्याच्या मागणीला आधार देते. त्यामुळे तो केवळ मधला निष्कर्ष ठरतो. अंतिम निष्कर्ष चौथ्या वाक्यात, कोणत्याही खुणेविना आलेला आहे, आणि शेवटचे वाक्य हे त्याचे आणखी एक आधारविधान आहे. शंका असल्यास दोन विधानांमध्ये 'कारण' घालून ती दोन्ही क्रमांनी वाचावीत. 'वाहने रोखावीत, कारण भारक्षमता घटली आहे' हे पटते. उलट क्रम निरर्थक होतो.

निष्कर्षाची जागा ठरलेली नसते, हे न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेच्या पंचावयवी (पाच भागांच्या) वाक्यातही दिसते. तेथे 'पर्वतावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा आरंभीच येते, 'कारण तेथे धूर आहे' हा हेतू त्यानंतर, आणि उदाहरण व उपनय (ते उदाहरण या पर्वताला लागू करणे) झाल्यावर तेच विधान निगमन, म्हणजे निष्कर्ष, म्हणून पुन्हा येते. उदाहरणात 'जेथे धूर, तेथे अग्नी' हा नियम उघडपणे सांगितला जातो. परीक्षेतील उताऱ्यांत नेमका हाच दुवा बहुधा अध्याहृत असतो आणि त्यालाच गृहीतक म्हणतात. वरील उताऱ्यात 'घटलेली भारक्षमता जड वाहनांना अपुरी आहे' हे कोठेही लिहिलेले नाही. पण ते नाकारून पाहा, म्हणजे भारक्षमतेचा मुद्दाच निकामी होतो.

एक फसवा प्रकार राहिला. 'तापमान शून्याखाली गेले, म्हणून नळ गोठले' या वाक्यात 'म्हणून' असूनही युक्तिवाद नाही. नळ गोठल्याचे सर्वांना मान्यच आहे. येथे त्यामागचे कारण उलगडले आहे, कोणाला काही पटवून द्यायचे नाही.