नव्या कोंबड्या, जुने खुराडे

परसातील पक्षीपालनाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांची उत्तरे या वेळी देत आहे. पाचही पत्रांचा विषय एकच आहे : घरच्या कोंबड्यांमध्ये बाहेरच्या कोंबड्या कशा मिसळाव्यात.

प्रश्न : आमच्या परसात सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. अंडी कमी झाल्यामुळे ग्रामप्रिया जातीच्या चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणायचे ठरवले आहे. गेल्या वर्षी दोन कोंबड्या आणून थेट आत सोडल्या, तेव्हा जुन्या कोंबड्यांनी त्यांतील एकीचे डोके रक्तबंबाळ केले आणि ती दगावली. या वेळी असे होऊ नये म्हणून काय करावे? — एक गृहिणी, डिचोली

उत्तर : आपण भांडणाविषयी विचारले आहे, परंतु मी सुरुवात रोगापासून करतो. परसातला कळप टोचाटोचीमुळे क्वचितच संपतो. तो संपतो नव्या पक्ष्याबरोबर गुपचूप आलेल्या आजारामुळे. भांडण डोळ्यांसमोर घडते, म्हणून त्याची धास्ती वाटते. आजार आठवडाभराने उघड होतो आणि तोपर्यंत उपाय हातचा गेलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मी एका आठवडी बाजारातून तीन धष्टपुष्ट कोंबड्या आणल्या होत्या. घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली, म्हणून त्या सरळ जुन्या खुराड्यात घातल्या. सहाव्या दिवसापासून घरच्या कोंबड्यांना हिरवट हगवण लागली, काहींच्या माना पिळवटल्या आणि अकरांपैकी दोनच वाचल्या. बाजारातून आणलेल्या तिघींना मात्र शेवटपर्यंत काहीही झाले नाही. तो राणीखेत होता, ज्याला आपल्याकडे मानमोडी असेही म्हणतात. लस टोचलेला किंवा त्या रोगातून बरा झालेला पक्षी स्वतः ठणठणीत दिसत असूनही काही काळ विषाणू बाहेर टाकू शकतो. त्यामुळे ‘कोंबडी चांगली दिसत होती’ हे वाक्य खरेदीच्या वेळी पुरावा म्हणून धरू नये, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

आपल्या चार तलंगा आणल्यापासून ३० दिवस वेगळ्या ठेवा. राणीखेतची लक्षणे सामान्यतः पाच-सहा दिवसांत दिसतात, पण त्यासाठी १५ दिवसही लागू शकतात. अंगावरच्या उवांची अंड्यांपासून पूर्ण वाढ होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. शिवाय प्रवासाच्या आणि जागाबदलाच्या ताणामुळे अंगात दबून राहिलेला श्वसनाचा आजार या काळातच डोके वर काढतो. वेगळे ठेवणे म्हणजे त्याच आवारात मधे जाळी लावणे नव्हे. घराच्या दुसऱ्या अंगाला असलेला मांगर किंवा रिकामा गोठा, जो जुन्या खुराड्यापासून निदान दहा-बारा मीटर दूर आहे, तो यासाठी निवडा. आपल्याकडची जमीन बहुधा उताराची असते. म्हणून नव्या कोंबड्यांच्या जागेवरून वाहणारे पाणी जुन्यांच्या परसात उतरणार नाही, हेही पाहा. दाणा-पाणी नेहमी आधी जुन्या कोंबड्यांना आणि मग नव्यांना द्यावे, उलट कधीही करू नये. दोन्हींकडची भांडी, झाडू आणि चपला वेगळ्या असाव्यात, कारण विषाणू चपलेच्या तळाला चिकटलेल्या विष्ठेतून अगदी सहज घरभर फिरतो.

या महिन्यात रोज पाच मिनिटे त्यांच्याजवळ नुसते उभे राहा. शिंका, नाकातून पाणी, चेहऱ्यावर सूज, डोळ्यांत फेस, विष्ठेत रक्त, पंख पाडून एका कोपऱ्यात बसणे, यांपैकी काही दिसले, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. पंखाखाली आणि गुदद्वाराभोवतीची पिसे बाजूला करून उवा तपासा. पायांवरचे खवले उचललेले आणि खडबडीत दिसत असतील, तर त्याखाली किडे असतात. पाय धुऊन, कोरडे करून काही दिवसांच्या अंतराने खोबरेल तेल चोळत राहिल्यास ते गुदमरून मरतात.

लसीकरणाचा विचार मात्र नव्या कोंबड्या आणण्यापूर्वीच करावा लागतो. आपल्या जुन्या सहा कोंबड्यांना राणीखेतची लस दिलेली नसेल, तर ती नव्या येण्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी द्यावी, म्हणजे प्रतिकारशक्ती तयार होण्यास वेळ मिळतो. अडचण अशी, की लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि एकदा मिसळली, की एक-दोन तासांत संपवावी लागते. सात पक्ष्यांसाठी कुपी फोडणे कोणालाही जड जाते. वाड्यावरच्या चार-पाच घरांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकांना बोलावले, तर हा प्रश्न सुटतो आणि शेजाऱ्याच्या कळपातून आपल्याकडे रोग येण्याचा धोकाही कमी होतो.

आता भांडणाकडे वळतो. कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीचा क्रम ठरलेला असतो. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लाइफ श्येल्डरुप-एब्ब यांनी १९२१ च्या सुमारास प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने मांडले, जरी आपल्या आज्यांना ते आधीपासून माहीत होते. नवी कोंबडी आली, की हा सगळा क्रम पुन्हा लागावा लागतो. त्यामुळे थोडी टोचाटोची होणारच, आणि ती पूर्णपणे टाळण्याच्या मागे आपण लागू नये. गेल्या वर्षी आपली कोंबडी दगावली, ती केवळ क्रम ठरवण्याच्या भांडणाने नव्हे, तर तिला पळायला आणि लपायला जागा नव्हती म्हणून, असे मला पत्रावरून वाटते.

३० दिवस निर्वेध गेल्यावर जुन्या आवारातच जाळीने एक भाग आखून तलंगा तिथे ठेवा. एकमेकींना पाहता येईल, पण चोच पोहोचणार नाही, अशी व्यवस्था सात ते दहा दिवस असावी. मासेमारीचे जुने जाळे अनेक घरांत पडून असते, पण त्यात नखे आणि मान अडकते, म्हणून त्याऐवजी बारीक घरांची तारेची जाळी वापरावी. जाळीच्या दोन्ही बाजूंना लागून दाण्याची भांडी ठेवली, तर दोन्हींकडच्या कोंबड्या शेजारी-शेजारी चरण्याची सवय लावून घेतात.

त्यानंतर एका संध्याकाळी, अंधार पडण्यापूर्वी तासभर, सर्वांना परसात एकत्र सोडा. जागा खुराड्याची नको, मोकळी असावी. माडाच्या चार-पाच झावळ्या भिंतीला टेकवून ठेवा, एखादी पाटी उपडी करा, लाकडाचा ओंडका ठेवा. ज्या कोंबडीला पळायचे आहे, तिला क्षणभर नजरेआड होता आले, की पाठलाग तिथेच थांबतो. मात्र आडोशाला दोन्हीकडून वाट असावी, नाहीतर तोच सापळा ठरतो. दाणा आणि पाणी दोन ऐवजी तीन-चार ठिकाणी, दूर-दूर ठेवा, कारण वरच्या क्रमाची कोंबडी एका भांड्यावर पहारा देऊ शकते, चारांवर नाही. खुराड्यात दर पक्ष्यामागे तीन ते चार चौरस फूट जागा आणि बसण्याच्या दांड्यावर आठ-दहा इंच लांबी मिळते का, हे मोजून पाहा. अकरा पक्षी सातांच्या जागेत कोंबले, तर कोणतीही युक्ती लागू पडणार नाही.

एखादीच जुनी कोंबडी सतत छळ करत असेल, तर छळ सोसणारीला नव्हे, छळणारीला तीन-चार दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवावे. ती परत येते, तेव्हा तिलाच आपली जागा पुन्हा मिळवावी लागते आणि तिचा तोरा बराच उतरलेला असतो. रक्त दिसले मात्र, तर जखमी कोंबडी ताबडतोब बाहेर काढा. लाल रंग पाहून इतर कोंबड्याही तिथेच टोचू लागतात, आणि गेल्या वर्षी आपल्याकडे बहुधा हेच घडले. जखम धुऊन औषध लावावे आणि खपली धरेपर्यंत तिला परत सोडू नये.

प्रश्न : रात्री अंधारात नव्या कोंबड्या दांड्यावर बसवल्या, तर सकाळी जुन्या त्यांना आपल्याच समजतात, असे गावात सांगतात. हे खरे आहे का? — एक वाचक, पेडणे

उत्तर : अर्धेच खरे आहे. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे रात्री भांडण होत नाही आणि सकाळी सगळ्या एकाच जागेतून बाहेर पडतात, एवढा लाभ होतो. पण कोंबडी दुसरीला तिच्या तुऱ्यावरून आणि चेहऱ्यावरून ओळखते. उजाडताच परकी कोण, हे तिला कळते. वर सांगितलेली जाळीआडची ओळख झाल्यानंतर शेवटची पायरी म्हणून रात्री एकत्र बसवणे उत्तम आहे, ओळखीच्या ऐवजी नाही. तसे केल्यास पहाटे उजाडण्यापूर्वी उठून खुराड्याचे दार उघडावे, कारण खरे हाल बंद खुराड्यातल्या त्या पहिल्या अर्ध्या तासात होतात.

प्रश्न : आमची एक गावठी कोंबडी खुडूक बसली आहे. तिच्या पोटाखाली विकत आणलेली पिल्ले सरकवली, तर ती स्वीकारेल का? — एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : बहुधा स्वीकारेल, आणि मला विचाराल, तर नवे पक्षी कळपात आणण्याची याहून सुंदर रीत नाही. आईच्या पंखाखाली वाढलेल्या पिल्लांना कळपात वेगळे मिसळावे लागत नाही. त्यांच्या वाट्याला येणाऱ्या चोचींना आईच उत्तर देते. पण वेळ साधावी लागते. कोंबडी निदान दोन-तीन आठवडे नेटाने अंड्यांवर बसलेली असावी, कारण उबवणीचे २१ दिवस जवळ आल्यावर तिचे मन पिल्लांकडे वळते. पिल्ले एक ते तीन दिवसांची असावीत. आठवडाभराची पिल्ले आई मानण्याचे वय ओलांडून गेलेली असतात आणि तिच्यापासून पळतात.

अंधार पडल्यावर एक-एक पिल्लू मागच्या बाजूने पोटाखाली सरकवा आणि तितकीच अंडी काढून घ्या. टॉर्च वापरायची असेल, तर कापडाने झाकून मंद करावी. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तिथे हजर राहणे अत्यावश्यक आहे. ती हळू आवाजात कुरकुरत पिल्लांना दाणा दाखवत असेल, तर काळजी नाही. डोक्यावर जोरात टोचत असेल, तर पिल्ले लगेच उचलून दिव्याच्या उबेत ठेवावीत. गावठी कोंबडी सहसा आठ-दहा पिल्ले आरामात पांघरते. पहिले काही दिवस आई आणि पिल्ले इतर कळपापासून वेगळी ठेवा, म्हणजे मुंगसाचा आणि घारीचाही धोका टळतो. पिल्ले घेताना मारेक या विषाणूजन्य रोगाची लस पहिल्याच दिवशी दिलेली आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे, कारण ती नंतर देऊन फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : अंडी देणाऱ्या जुन्या कोंबड्या आणि अडीच महिन्यांच्या तलंगा एकत्र आहेत. खाद्य कोणते द्यावे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : सर्वांना वाढत्या पक्ष्यांचे, म्हणजे ग्रोअर खाद्य द्यावे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेअर खाद्यात सुमारे साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि ते दीर्घकाळ खाल्ल्यास कोवळ्या तलंगांच्या मूत्रपिंडांना इजा होते. जुन्या कोंबड्यांची कवचाची गरज वेगळ्या भांड्यातून भागवावी. आपल्या स्वयंपाकघरात तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपल्यांना तोटा नाही. त्या स्वच्छ धुऊन, वाळवून, जाडसर कुटून ठेवल्या, की ज्या कोंबडीला हवे ती मोजकेच खाते आणि तलंगा सहसा त्यांना फार तोंड लावत नाहीत. पहिले अंडे पडल्यावर लेअर खाद्य सुरू करण्यास हरकत नाही.

प्रश्न : गेल्या आठवड्यात बाजारातून तीन कोंबड्या आणून जुन्यांत सोडल्या. आता त्यांतील एक शिंकते आहे आणि तिचा डोळा सुजला आहे. तिला वेगळे काढले, तर पुरेल का? — एक वाचक, बार्देश

उत्तर : तिला वेगळे काढाच, पण तेवढे पुरणार नाही. एका पाण्याच्या भांड्यातून सगळ्या प्यायल्या असतील, तर संसर्ग पोहोचला असे धरूनच चालावे. सूज आणि नाकातला दुर्गंधीयुक्त स्राव ही संसर्गजन्य कोरायझाची, म्हणजे कोंबड्यांच्या जिवाणूजन्य सर्दीची, लक्षणे असू शकतात. श्वसनाचे इतर आजारही असेच दिसतात. त्यामुळे दुकानातून प्रतिजैविक आणून पाण्यात टाकण्यापूर्वी पशुवैद्यकांना पक्षी दाखवा. औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत आणि विकूही नयेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. कोरायझातून बऱ्या झालेल्या कोंबड्या पुढे रोगवाहक राहू शकतात. म्हणून हा कळप बरा झाला, तरी त्यातील कोंबडी कोणाला भेट देऊ नका, बाजारात नेऊ नका आणि त्यात नवीही आणू नका. आहेत त्या सुखाने सांभाळा. एकाएकी अनेक पक्षी मेले, तर उघड्या हातांनी मेलेल्यांना स्पर्श न करता त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्याला कळवा. पुढे कधी हे खुराडे रिकामे झाले, तर तूस आणि विष्ठा काढून खोल पुरावी, लाकूड आणि भेगा घासून धुवाव्यात, चुना मारावा आणि उन्हे चांगली लागतील अशा कोरड्या दिवसांत ते निदान महिनाभर उघडे ठेवावे. आमच्याकडे पावसाळ्यात ओले राहणारे खुराडे वाळायलाच दसरा उजाडतो, तेव्हा नव्या कोंबड्यांची खरेदी त्यानंतरच करावी.