बागायतदारांची माहिती गोळा करण्याआधी

सांगली

अनेक आशीर्वाद.

तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्ष बागायतदारांच्या सर्वेक्षणाचा तुझा आराखडा वाचला. प्रश्न साठ आहेत. प्रत्येकापुढे उत्तराचा उपयोग एका ओळीत लिही. ओळ सुचली नाही तर प्रश्न गाळ. आधार क्रमांक सगळ्यात आधी गाळ. फवारणीचा खर्च काढायला तो लागत नाही.

नावं काढली की माहिती निनावी झाली, असं तू धरलं आहेस. खरी गफलत तिथंच आहे. गाव, अडीच एकर, सुपर सोनाका जातीची द्राक्षं, स्वतःची बेदाणा शेड आणि सोसायटीचं थकलेलं कर्ज एका ओळीत आलं, की पारावरचा कुणीही मालकाचं नाव सांगेल. थकबाकी कळलेला व्यापारी मग भाव पाडून मागेल. म्हणून गावाऐवजी तालुका ठेव, क्षेत्राचे गट कर: दोन एकरांपर्यंत, दोन ते पाच, पाचच्या वर. नंतर तपास, एकसारख्या नोंदीचे किमान पाच जण निघतात का? नसतील तर गट वाढव, नाहीतर त्या नोंदी बाहेर देऊ नकोस. आणि पाचही जण थकबाकीदार निघाले तर हा आडोसाही फुकट, कारण त्यातला कोण कुठला हे न कळताही कर्ज उघडं पडतं.

मोबाईल नंबर हॅश करून, म्हणजे ठरावीक सूत्रानं त्याची न ओळखता येणारी खूण बनवून, भागणार नाही. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर जास्तीत जास्त ४०० कोटी; संगणक ते सगळे हॅश करून तुझ्या यादीशी सहज जुळवतो. त्याऐवजी चिठ्ठी काढल्यासारखा कुठलाही क्रमांक दे आणि कोणता क्रमांक कुणाचा याची जोडयादी वेगळ्या, पासवर्डनं कूटबद्ध केलेल्या फाईलमध्ये ठेव. जीपीएसच्या अंशांत दशांश चिन्हानंतरचे सहा आकडे म्हणजे दहा-अकरा सेंटीमीटर, थेट वेलीचं खोड! दोनच ठेव, साधारण एक किलोमीटर होतो. फोटोंतही जागेची नोंद दडलेली असते, ती पुसायला विसरू नकोस.

संमती ऑक्टोबर छाटणीच्या घाईत घेऊ नकोस, आणि सोसायटीच्या सचिवासमोर तर मुळीच नको. तिथं कुणी नाही म्हणत नाही, त्यामुळे त्या होकाराला अर्थ नाही. मजकूर मराठीत मोठ्यानं वाचून दाखव. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं हवं. अर्जावर त्यासाठी फोन नंबर छाप.

माहिती खोडण्याची तारीखही तिथंच छाप. त्या दिवशी सर्व्हर पुसशील, पण माहिती गोळा करणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेल्या एक्सेल फायली राहतील. त्या पाठवायच्या नाहीत, हे पहिल्या दिवशीच सांग.

आधी दहाच घरांत चाचणी घे. मग गाळलेल्या प्रश्नांची यादी घेऊन ये.