०.२३६३६३६… चा छेद ९९० का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नववीत आहे. ०.३३३… चं अपूर्णांकात रूपांतर त्याला जमतं, ०.५४५४… सुद्धा जमतं, पण ०.२३६३६३६… समोर आलं की १० नं गुणायचं, १०० नं की १००० नं, इथे गाडी अडते. क्लासमध्ये ‘जेवढे अंक आवर्ती, म्हणजे परत परत येणारे, तेवढे छेदात नऊ, जेवढे नाहीत तेवढी शून्यं’ असं घोकून घेतलंय, पण ते नऊ येतात कुठून हे कुणी सांगितलेलं नाही.

मी बँकेत कॅश काउंटरला नोकरी करून निवृत्त झाले. आता कोथरूडला आमच्या सोसायटीतली सात-आठ पोरं संध्याकाळी वह्या घेऊन माझ्याकडे येतात. या धड्यात सगळी त्याच दगडाला ठेचकाळतात, आणि त्या दगडाला मीही शाळेत ठेचकाळले होते. बाईंनी ०.३३३… ला १० नं गुणून दाखवलं, मला वाटलं नेहमी १० नंच गुणायचं असतं. चाचणीत ०.५४५४… आलं. मी लिहिलं:

क्ष = ०.५४५४५४…
१०क्ष = ५.४५४५४५…
९क्ष = ४.९०९०९०…

शेपटी जायची ती गेली नाहीच, वर नवी उगवली. लाल शाईत ‘पद्धत चुकीची’ असा शेरा आणि गुण शून्य. पद्धत चुकीची नव्हती हो! ५४ ची जोडी आहे, ती दोन घरं सरकवायला हवी होती, मी एकच सरकवली. एवढं कुणी सांगितलं असतं तर पुढची दोन वर्षं या गणितांना घाबरले नसते.

म्हणून मी पोरांना गुणाकार सांगतच नाही, आधी पट्टी कापायला लावते. चौकटीच्या वहीच्या पानाच्या दोन पट्ट्या घ्या. दोन्हींवर एका चौकोनात एक अंक असं ०.५४५४५४५४ लिहा. एक पट्टी दुसरीखाली ठेवा आणि वरची डावीकडे सरकवत जा. एक घर सरकवली की ५ खाली ४ आणि ४ खाली ५ येतो, जुळत नाही. दोन घरं सरकवली की ५ खाली ५, ४ खाली ४. आता वजाबाकी केली की दशांश चिन्हाच्या उजवीकडे सगळी शून्यं. पट्टी एक घर डावीकडे सरकवणं म्हणजे १० नं गुणणं, दोन घरं म्हणजे १०० नं. १००क्ष मधून क्ष गेला, ९९क्ष उरला. नऊ आले ते इथून: १० − १, १०० − १, १००० − १. ९९क्ष = ५४, म्हणून क्ष = ५४/९९ = ६/११.

आता तुमचं ०.२३६३६३६…. यात २ हा आगंतुक आहे, तो एकदाच येतो. आधी त्याला दशांश चिन्हाच्या डावीकडे हाकलायचं, म्हणजे उजवीकडे निव्वळ ३६ ची माळ राहते. त्यासाठी १० नं गुणा. मग ३६ ची अख्खी जोडी आणखी दोन घरं सरकवा, म्हणजे एकूण १००० नं गुणलं.

१०००क्ष = २३६.३६३६…
१०क्ष = २.३६३६…
९९०क्ष = २३४

क्ष = २३४/९९०, अठरानं भाग देऊन १३/५५. क्लासमधल्या नियमातलं शेवटचं शून्य हे १००० − १० मधलं शून्य. नियम खोटा नाही, फक्त अंशात २३६ मधून २ वजा करायचे असतात हे पोरं विसरतात आणि २३६/९९० लिहून मोकळी होतात. मुलगा १००क्ष − क्ष करून ९९क्ष = २३.४ असं लिहीत असेल तर त्याला रागावू नका. तेही बरोबरच आहे, अंश-छेद दोन्ही १० नं गुणले की तेच उत्तर येतं.

उत्तर आलं की छेदाचे अवयव पाडायची सवय लावा. ५५ = ५ × ११. दहाचे अवयव फक्त २ आणि ५, त्यामुळे छेदातले २ आणि ५ आगंतुक अंक आणतात, बाकीचे अवयव माळ आणतात. इथे एकच ५ आहे म्हणून आगंतुक एकच, आणि ११ मुळे जोडीची माळ. १/१२ बघा: १२ = २ × २ × ३, दोनदा २, म्हणून ०.०८३३३… मध्ये ० आणि ८ असे दोन आगंतुक. छेदात फक्त २ आणि ५ असले तर माळ नाहीच, भागाकार संपतो.

माळ मुळात लागतेच का, हेही त्याला एकदा भागाकार करून बघू द्या. १ ला ७ नं भागताना बाक्या येतात ३, २, ६, ४, ५, १. सातनं भागल्यावर शून्य सोडून सहाच बाक्या शक्य आहेत, त्या संपल्या की जुनी बाकी परत येणारच, आणि ती आली की पुढचे सगळे अंक पहिल्यापासून. ०.१४२८५७१४२८५७…. छेद कितीही मोठा असो, बाक्या मोजक्याच.

पण माळ लागली म्हणजे संख्येत काही खोट आहे, असं पोरांना वाटतं. खोट असलीच तर दहाची आहे. माझी आजी रुपयाचे तीन सारखे भाग सहज करायची. तेव्हा १६ आणे म्हणजे रुपया, १२ पै म्हणजे आणा, म्हणून रुपयाच्या १९२ पै. तिसरा हिस्सा ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै, कुणाला एक पै कमी नाही की जास्त नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि तिघांच्या वाटणीत ३३ पैसे देऊन एक पैसा हातात उरायला लागला. मागच्या महिन्यात आम्ही तिघी चहा प्यायलो, बिल १०० रुपये. दोघींनी मोबाइलवरून ३३.३३ पाठवले आणि एक पैसा माझ्या डोक्यावर बसला. कॅशियरला असला पैसा झोपू देत नाही.

मोबाइलवरून आठवलं, कॅल्क्युलेटरवर विसंबू देऊ नका. १३ भागिले ५५ केलं की तो ०.२३६३६३६३६४ असं काहीतरी दाखवतो. शेवटचा ४ हा माळेतला नाही, पडद्यावरची जागा संपल्यामुळे पूर्णांकन करून ठेवलेला आहे. एकीनं तो ४ खरा मानून अर्धा तास घालवला होता.

०.९९९… = १ का, हे तो विचारेलच. याच पद्धतीनं ९क्ष = ९ येतं. पटलं नाही तर १/३ ला तीननं गुणायला सांगा.

आणि १४२८५७ बद्दल एक गंमत, परीक्षेसाठी नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसन कॉलेजात शिकले, पुढे देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांच्या नावाच्या ‘कापरेकर संख्या’ आहेत, त्यांत ही एक. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा: २०४०८ आणि १२२४४९. बेरीज पुन्हा १४२८५७. तोडून बेरीज करणं म्हणजे ९९९९९९ च्या पटी काढून टाकणं, आणि १४२८५७ ला ७ नं गुणलं की नेमके ९९९९९९ होतात. वर आपण नऊ मिळवले तेच हे.

आज त्याला ०.०४५४५४५… द्या, काही न सांगता. १/२२ आलं तर झालं. ५/११ आलं तर दशांश चिन्हानंतरचं शून्य गिळलंय, पट्ट्या पुन्हा काढा.