तीन महिने पेडल स्टील गिटार वाजवतोय तरी सगळं बेसूर लागतं, सोडून देऊ का?

नाही, अजिबात सोडू नका, तीन महिन्यांत या वाद्यावर बेसूर वाजणं अगदी नॉर्मल आहे. साध्या गिटारला फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, सूर पकडून देतात, इथे फ्रेट म्हणजे नुसत्या रेघा, सूर बारच्या (तारांवर सरकवायच्या स्टीलच्या दांड्याच्या) जागेवर ठरतो, त्यात डावा पाय तारांचा सूर बदलणाऱ्या पेडलवर, उजवा व्हॉल्यूम पेडलवर, गुडघे लिव्हरवर, हे सगळं एकदम जमायला वेळ लागणारच. मी स्वतः ई-९ ट्यूनिंगवर (तारा सुरात लावायची एक पद्धत) शिकलो त्यावरून सांगतो, सध्या फक्त ४, ५ आणि ६ नंबरच्या तारा धरा. तिसऱ्या फ्रेटवर पेडल न दाबता जी मेजर मिळतो, तिथेच ए आणि बी पेडल एकत्र दाबले की सी मेजर, आणि तेच दोन्ही दाबून ठेवून पाचव्या फ्रेटवर सरकलात की डी, झाले तीन कॉर्ड, एवढ्यावर कितीतरी गाण्यांना साथ देता येते! आणि हो, बार बरोबर रेघेच्या वर हवा, तिरक्या नजरेने बघितलं की फसगत होते, म्हणून डोकं त्या फ्रेटच्या वर आणून बघा, मागे ड्रोन, म्हणजे सतत वाजणारा एकच सूर, लावा आणि शेवटी कानाचं ऐका. सुरात येईपर्यंत व्हायब्राटो (बार हलवून सूर थरथरवणं) नको, त्याने चूक झाकली जाते आणि कान तयार होत नाही. फक्त तुमचं वाद्य सी-६ ट्यूनिंगचं असेल तर वरचे फ्रेट-पेडल लागू नाहीत, आणि काही वाद्यांवर ए आणि सी पेडलची जागा उलटी असते, ते आधी तपासा.